वडापातली शाळा

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



मी काही भाषणं ठोकणारा माणूस नाही. मॅट्रिक झालो, गोदीत लागलो. दिवसा पोती, रात्री कविता. गोदीत क्रेनच्या अंगावर रंगानं आकडा लिहिलेला असतो. एवढा टन, याच्या वर नाही. भार जास्त दिसला की सिग्नलवाला हात वर करतो, सगळं जागच्या जागी थांबतं. माल शेटचा ना! त्याला ओरखडा कसा चालेल?

आता आमच्या गावची वडाप बघा. दहाअकरा माणसांची जीप. गावी गेलो तेव्हा सकाळी सातला उभा राहून मोजली. सव्वीस पोरं. ड्रायव्हरच्या उजव्या अंगालासुद्धा एक, म्हणजे ड्रायव्हर निम्मा दाराबाहेर. मागच्या शिडीवर चौघं, दप्तरं टपावर. गाडी आधी गावात भरते, सगळ्यात शेवटी बौद्धवाड्याच्या फाट्यावर येते. म्हणजे शिडी कायम आमच्याच वाट्याला. कुणी जात विचारत नाही हो, गरजच पडत नाही. माझा भाचा सहावीत आहे, तो त्याच शिडीवर.

कायदा नाही असं नाही. २०११ साली राज्यानं स्कूलबसचे नियम केले. आग विझवायचं नळकांडं, औषधाची पेटी, पोरं चढवा-उतरवायला माणूस, मुली असतील तर बाई. शाळेशाळेत परिवहन समिती, मुख्याध्यापक तिचा अध्यक्ष. बारा वर्षांखालची पोरं असतील तर आसनांच्या दीडपट मुभा. दीडपट धरली तरी अकराचे सोळा होतात. पण वडाप स्कूलबसच नव्हे! शाळा म्हणते, गाडी पालकांनी ठरवली. साहेब म्हणतो, लेखी तक्रार द्या. बाप म्हणतो, तक्रार दिली तर उद्या पोराला घेणार नाही. तिघंही खरं बोलतात आणि पोरगं शिडीवर.

जीप जप्त करा म्हणणारे शहाणे पुष्कळ आहेत. करा की. दुसऱ्या दिवशी आधी घरी बसेल ती पोरगी. जीपवाला तरी कोण, हप्त्यावर जगणारा आपल्यासारखाच.

मूळ दुखणं हे की शाळाच लांब गेली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली राज्यानं नियम केला, पहिली ते पाचवी एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवी तीन. आणि २०१७ साली दहाच्या आत पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करायचा निर्णय झाला. २०२३ ला समूह शाळा निघाल्या. वीसच्या आतल्या शाळा एकत्र करा म्हणे. वाड्यावस्तीवर वीस पोरं आणायची कुठनं?

एसटी १९४८ पासून धावतेय. मुलींना पास फुकट, पोरांना सवलत. पण पास दाखवायला गाडी नको? २०२१-२२ च्या संपात आमची सातची गाडी बंद पडली, ती आजतागायत आली नाही. पास मात्र भाच्याच्या दप्तरात आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपलेला.

तेव्हा दहा रुपयांचा स्टँप लावा, माहितीच्या अधिकारात समितीचं इतिवृत्त मागा. बैठकच झाली नसेल तर तेही लिहून घ्या. मग आगारात जाऊ. सातची गाडी मागायची, आणि फाट्यापर्यंत नाही, थेट वाड्यात. वळायला जागा नाही म्हणतील. उसाचे ट्रक वळतात तिथं.