केलेल्या प्रतिकृति ठेवाव्या कोठें?

आगगाडी, गलबत, विमान, किल्ला अथवा जुना वाडा यांची मापांत बसविलेली लहान प्रतिकृति करण्याचा छंद आपल्याकडे आतां बराच रुजला आहे. ती कशी करावी हें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु शेवटचा रंग वाळला म्हणजे घरांत जो प्रश्न उभा राहतो, त्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. तो प्रश्न असा कीं, आतां ही ठेवावयाची कोठें? लासलगांवासारख्या बाजारपेठेच्या गांवीं दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें आज मी या प्रश्नाचा विचार करणार आहें.

प्रथम थोडें गणित. मी जन्मभर शाळामास्तर. तेव्हां तेवढें आपण चालवून घ्यावें. आपल्या रेल्वेचा हल्लींच्या नव्या बनावटीचा डबा सुमारें साडेतेवीस मीटर लांब असतो. हौशी मंडळींत रूढ असलेल्या १:८७ या प्रमाणांत तो २७ सेंटिमीटरांचा होतो. एक डबा कोठेंही मावेल. पण वीस डब्यांची गाडी जोडावयाची तर जवळजवळ अठरा फूट लांब फळी पाहिजे, आणि आपली बैठकीची खोली बहुधा बारा फुटांची असते! २०२२ सालीं नौदलांत दाखल झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका २६२ मीटर लांब आहे. १:३५० या प्रमाणांत ती ७५ सेंटिमीटर भरते, १:७०० या प्रमाणांत त्याच्या निम्मी. लांबी निम्मी झाली कीं रुंदीही निम्मी होते. म्हणजे फळीवरील जागा चौथाई लागते, आणि तिची पेटी तर आठव्या हिश्श्याची पुरते. म्हणून जागेचा विचार पहिला तुकडा कापण्यापूर्वीं करावा. प्रमाण ठरविणें म्हणजे घरांतील जागा ठरविणेंच होय.

आपल्या वाडवडिलांच्या घरांत ही अडचण कमी होती. मातीच्या किंवा दगडविटांच्या जाड भिंतींत कोनाडे असत, देवळ्या असत, दारें लावलेलीं फडताळें असत. भिंतीच्या पोटांतच वस्तूला घर मिळे. आजची आडभिंत साडेचार इंचांची. तिच्यांत कोनाडा काढावा तर पलीकडच्या खोलींत खिडकी व्हावयाची. जुन्या भिंतीबरोबर ती सोय गेली, हें मान्य करून दुसरी सोय शोधली पाहिजे.

पण त्याच वाडवडिलांनीं आणखी एक गोष्ट शिकविली आहे. दिवाळींत महाराष्ट्रांतील मुलें अंगणांत किल्ला करितात. दगड, माती, पोतीं यांचा डोंगर, त्यावर तट, हळिवाची हिरवळ आणि सिंहासनावर शिवाजीमहाराज. दिवाळी सरली कीं किल्ला मोडून माती अंगणास परत मिळते. मावळे आणि महाराज मात्र पुसून, कापसांत गुंडाळून पुढच्या वर्षासाठीं पेटींत जातात. या खेळांत केवढा विवेक आहे! काय मोडावें आणि काय राखावें हें लहान मुलाला ठाऊक असतें. मोठ्या माणसानेंही प्रत्येक प्रतिकृतीविषयीं हाच प्रश्न स्वतःस विचारावा. शिकाऊ हातानें केलेल्या दहा विमानांपैकीं दोन राखावीं, बाकीच्यांचे सुटे भाग पुढच्या कामास घ्यावे. सर्वच राखावयाचें म्हटलें कीं कशाचीच नीट राखण होत नाहीं.

दुसरें असें कीं, राखलेलें सर्व एकाच वेळीं मांडण्याची गरज नाहीं. पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. दिनकर गंगाधर केळकर यांनीं दिवे, अडकित्ते, वाद्यें, दारें अशा वस्तु आयुष्यभर जमविल्या आणि १९६२ सालीं तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथें वीस हजारांहून अधिक वस्तु आहेत. पण मांडलेल्या सुमारें अडीच हजारच. एवढ्या मोठ्या संग्रहालयास जें कमीपणाचें वाटत नाहीं, तें आपल्या एका कपाटास कां वाटावें? चार प्रतिकृति मांडाव्या, बारा पेटींत ठेवाव्या, आणि पाडवा, आषाढी, दसरा अशा ठरलेल्या दिवशीं पाळी बदलावी. रोज दिसणारी वस्तु डोळ्यांना दिसेनाशी होते. चार महिन्यांनीं बाहेर आलेली पुन्हां नवी वाटते.

आतां मांडण्याची जागा. जमिनीवर बिछाना, मेज, मुलांचा अभ्यास यांचें राज्य असतें. त्यांत हात घालूं नये. दाराच्या चौकटीवर, छतापासून फूट-दीड फूट खालीं, खोलीच्या कडेनें एक अरुंद फळी फिरविली तर कोणाचीही जागा न घेतां लांब गाडी उभी राहते. पलंगाखालीं चाकें लावलेला उथळ खण बसवितां येतो. विमानें बारीक तंगुसानें छतास टांगावीं. मात्र पंख्यापासून दूर. आणि शक्य तेथें कांच लावावीच. मुंबईस भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत लहान लहान मातीचे पुतळे व देखावे कांचेच्या कपाटांत आहेत. १८७२ सालीं लोकांस खुल्या झालेल्या त्या वास्तूंत नाजूक वस्तु कशी सांभाळावी याचा धडा उभ्याउभ्या घेतां येतो.

आमच्या लासलगांवीं कांचेचें महत्त्व निराळें सांगावें लागत नाहीं. कांद्याच्या हंगामांत ट्रॅक्टरांची रांग लागली कीं धूळ आणि कांद्याची सालपटें घरोघर फिरतात. उघड्या डोलकाठ्यांवर ती एकदां बसली म्हणजे फडक्यानें काढतां येत नाहीं. फडकें दोराही घेऊन जातें. मऊ कुंचल्यानें वरून खालीं हलकेंच झाडावें. पश्चिमेच्या खिडकीसमोर कांहींच ठेवूं नये; उन्हानें रंग विटतो, पांढरें प्लॅस्टिक पिवळें पडतें. पत्र्याच्या छपराखालचा माळा तर उन्हाळ्यांत भट्टीच होतो. तेथें प्लॅस्टिकचे पंख वाकतात.

पेटीबंद ठेवण्याची विद्या आमच्या शेतकऱ्यापाशीं शिकावी. त्याची कांदाचाळ जमिनीपासून उचललेली असते आणि तिच्या तळांतून व बाजूंनीं वारा खेळतो. कारण ओल कोंडली कीं माल सडतो हें त्यास ठाऊक असतें. आपल्या पेट्याही भुईस व भिंतीस चिकटवूं नयेत. पावसाळ्यांत पुठ्ठा फुगतो, त्यास बुरशी व कसर लागते. म्हणून ओल शोषणाऱ्या पुड्या आंत ठेवाव्या. डांबराच्या गोळ्या मात्र प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींजवळ ठेवूं नयेत. त्यांच्या वाफेनें कित्येक जातींचें प्लॅस्टिक मऊ पडून चिकटतें. रंगविलेल्या अंगास वर्तमानपत्र लावूं नये, शाई उतरते. रबराचे पट्टेही नकोत, ते विरघळून डाग पाडतात. जुन्या धुतलेल्या धोतराचा तुकडा सर्वांत उत्तम.

येथवर वस्तूंचें झालें, आतां माणसांचें. घर एकट्या हौशी माणसाचें नसतें. जी माउली रोज केर काढते, तिच्या मार्गांत वीस गलबतें नांगरून ठेवणें हा अन्याय आहे. माझ्या मतें ज्याचा छंद त्यानेंच धूळ झाडावी, आणि घरच्यांशीं बोलून एक मर्यादा ठरवून घ्यावी: हें एक कपाट माझें, त्याबाहेर एक वीतही नाहीं. नवें आलें कीं एक जुनें जाईल. अशी मर्यादा मान्य केली म्हणजे घरचीं माणसें त्या कपाटाचा मानही राखतात.

जेथें हा मान राखला जात नाहीं तेथें काय होतें, तें मीं पाहिलें आहे. एका शाळेंत विज्ञानप्रदर्शनासाठीं एका मुलानें नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्याची प्रतिकृति केली होती. गोदावरीवरील हा बंधारा १९०७ ते १९१३ या काळांत झाला. त्याच्या जलाशयावरील पक्ष्यांसाठीं २०२० सालीं त्यास महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. त्या मुलानें दरवाजे आगपेटीच्या काड्यांचे केले होते आणि काडेपेटीएवढ्या पाणथळींत कापसाचे बगळे बसविले होते. सुटींत बांकांसाठीं खोली मोकळी करितांना तें सर्व उकिरड्यावर गेलें. जून महिन्यांत मुलानें विचारलें, “गुरुजी, माझें धरण कोठें आहे?” त्यास उत्तर देण्यास तेथें कोणी नव्हतें. त्या मुलानें पुढें कधीं प्रदर्शनांत भाग घेतला नाहीं. जागा अपुरी होती हें खरें. पण त्यास बोलावून “घरीं ने” म्हणावयास जागा लागत नव्हती.

म्हणून प्रत्येक प्रतिकृतीच्या तळाशीं एक चिठ्ठी चिकटवावी: कशाची, कोणत्या प्रमाणांत, कोणीं, कोणत्या वर्षीं केली. शिवाय आपल्यामागें ती कोणास द्यावी हेंही लिहावें. चिठ्ठी नसली कीं हातांनीं केलेलें काम दुसऱ्या पिढीस अडगळ वाटतें. घरांत न मावणारें काम चांगल्या हातीं सोंपविण्यांत कमीपणा नाहीं. पुण्यास कोथरुडांत भाऊसाहेब जोशी यांची छोटी आगगाडी आहे. रूळ, सिग्नल, स्टेशनें यांसह तिचें एक नगरच झालें आणि १९९८ सालीं तिला संग्रहालयाचें कायम घर मिळालें. सर्वांस तसें भाग्य लाभणार नाहीं. परंतु गांवची शाळा, वाचनालय अथवा शेजारचा हौशी मुलगा आधीं विचारून पाहण्यास काय हरकत आहे?

श्रोतेहो, सारांश इतकाच. करण्यापूर्वीं मापावें, केल्यावर निवडावें, निवडलेलें झांकावें आणि झांकलेल्यावर नांव लिहावें. एवढें केलें तर दोन खोल्यांच्या घरांतही एक आरमार सुखानें नांदूं शकतें.