चार महिन्यांचा पाहुणा
(भाईंदर येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

संयोजकांनी फोनवर विषय विचारला. मी म्हटलं, जिरेनियम. त्यांनी लगेच विचारलं, "तेलाचं का?" प्रश्न रास्त होता. नगर, नाशिक, सोलापूरकडे शेतकरी जिरेनियम लावतात ते तेलासाठीच. टनभर पाला वाफेवर चढवला की जेमतेम किलोभर तेल निघतं आणि ते अत्तरवाल्यांकडे, साबणवाल्यांकडे जातं. आज बोलायचंय ते मात्र आपल्या ग्रिलमधल्या कुंडीबद्दल. तरी सोलापूरची आठवण मुद्दाम काढली. तिथे जी कोरडी हवा फुकट मिळते, ती भाईंदरला मिळत नाही. आपली सगळी रड तिथूनच सुरू होते.

हे समजायला मला तीन पावसाळे लागले. पाचगणीहून परतताना दरवर्षी एक कुंडी मांडीवर धरून आणायची. फुलं मोठी, जांभळी, वरच्या पाकळ्यांवर काळसर डाग, जणू मखमल. महिनाभर शेजारीपाजारी बघायला यायचे. मग फुलं गळायची आणि पुन्हा कळी म्हणून दिसायची नाही. मी जास्त खत घालायचो, जास्त पाणी घालायचो. जूनच्या अखेरीस खोड बुडाशी काळं पडून मऊ व्हायचं. आमच्या घरात त्या कोपऱ्याला 'वैकुंठ' म्हणायला लागले होते.

तो प्रकार होता रीगल. याला कळी धरायची तर रात्री कित्येक आठवडे पंधरा-सोळा अंशांच्या खाली राहाव्या लागतात. आपल्याकडे अशी रात्र जानेवारीत चार-दोनदा येते, तेव्हा आपण मफलर गुंडाळून फोटो काढतो. म्हणजे कळ्या डोंगरावरच धरलेल्या होत्या, मी त्या फक्त उमलताना पाहिल्या. तेव्हा रीगल आणायचाच तर पुष्पगुच्छ समजून आणा. रोप म्हणून नको.

आता थोडी नावाची गंमत. १७५३ साली लिनियसने ही सारी मंडळी जिरेनियम या एकाच नावाखाली बसवली. १७८९ मध्ये फ्रान्सच्या लेरितिएने दक्षिण आफ्रिकेकडची कुंडीतली जात वेगळी काढून तिला पेलार्गोनियम म्हटलं. पहिलं नाव ग्रीकमधल्या क्रौंचावरून, दुसरं बलाकावरून, कारण दोघांचंही फळ लांब चोचीसारखं. आपल्या मिठागरांकडे चित्रबलाक पाहिलेल्यांना ती चोच सांगायला नको. पण सव्वादोनशे वर्षं उलटली तरी ही फारकत नर्सरीपर्यंत पोचलेली नाही. तुम्हीही दुकानात जिरेनियमच म्हणा, नाहीतर माळी तुमच्याकडे बघत राहील.

आपल्यासाठी मुख्य प्रकार झोनल. गोल पान, त्यावर घोड्याच्या नालासारखा गडद पट्टा. याच्या कळीला थंडीची अट नाही, ऊन हवं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाच-सहा तास ऊन मिळालं की गुच्छावर गुच्छ येतात. लाल किंवा शेंदरी, एकेरी पाकळ्यांचा घ्या. दुहेरी फूल दमट हवेत आतून कुजतं. ग्रिलवरून खाली सोडायचा असेल तर आयव्ही. त्याचं पान जाड, चकचकीत, कोपरे असलेलं. तिसरा वासाच्या पानांचा. फूल नावापुरतं, पण पान चुरगळलं की बोटांना गुलाबाचा वास. शेतात लावतात तो याच घराण्यातला. याच्याच एका लिंबाच्या वासाच्या भावाला 'मच्छरवाला पौधा' म्हणून विकतात. मीही घेतला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं तर एक डास निवांतपणे त्याच्याच पानावर बसलेला. वास पानात कोंडलेला असतो हो, चुरगळल्याशिवाय तो बाहेर येत नाही.

नर्सरीत गेल्यावर फुलांकडे बघू नका. आधी पान उलटं करा. खाली तांबूस भुकटीच्या गोल चकत्या असतील तर तो तांबेरा, कुंडी जागेवर ठेवा. मग बुंध्याशी बोट लावा, तो टणक हवा. फुललेल्यापेक्षा कळ्यांचं, बुटकं, फांद्या फुटलेलं रोप घ्या.

पाण्याचं सांगतो, कारण निम्मी रोपं आपण लाडाने मारतो. बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी. मातीची कुंडी, मातीत निम्मी वाळू किंवा बारीक खडी. नुसतं कोकोपीट दमट हवेत वाळतच नाही. खाडीकाठच्या सोसायट्यांत बोअरचं पाणी मचूळ असतं. पानांच्या कडा करपायला लागल्या तर आधी त्या पाण्यावर संशय घ्या. सुकलेला गुच्छ कात्रीने कापू नका. दांडी फांदीला जिथे जोडलेली असते तिथे अंगठ्याने बाजूला दाबा, कटकन सुटते.

आणि पावसाळा? मोठं झुडूप त्यातून वाचवायचा हट्ट मी सोडला आहे. आता फेब्रुवारीत कटिंग करतो. (चहाचं नव्हे, चहा नंतर आहे.) हे बघा, चार बोटं लांब शेंडा, पेराच्या जरा खाली कापलेला. खालची पानं काढली, कळी असली तर तीही खुडली, जीव जळला तरी. लगेच लावायचं नाही. सावलीत चार-पाच तास पडू द्या, कापलेली जागा सुकून वर पातळ कातडी धरते. मग ओलसर वाळूत. वर प्लॅस्टिकची पिशवी घालू नका, गुलाबाला चालते, याला नाही. तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. मग ही वीतभर कुंडी पावसाळ्यात खिडकीच्या आत, सरी पोचणार नाहीत पण उजेड पोचेल अशा जागी ठेवायची. पाणी आठवड्यातून एकदा, तेही चमच्याने. झुडूप मेलं तरी वाण घरात राहतो. मागचे सहा पावसाळे माझा एक शेंदरी असाच टिकला आहे.

त्याच शेंदरीची चाळीस कटिंगं बाहेर टेबलावर वर्तमानपत्रात ठेवली आहेत. सकाळी अकराला कापली, म्हणजे आत्ता लावायला तयार आहेत. माणशी एकच घ्या, मागच्या रांगेतल्यांनाही पुरू द्या.