घरचा ध्वनिक्षेपक आणि शेवटची रांग



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आम्ही मागच्या रांगेत बसून ऐकावे, असा आजवरचा क्रम. यंदा चिटणिसांनी तो मोडला. आमचे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. पुढे जे काय शिकलो ते वाचनालयात, कारखान्यांच्या फाटकांवर आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर. तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर बोलू अशी चिटणिसांची अपेक्षा असणे साहजिक होते. आम्ही विषय सांगितला, "घरी केलेला ध्वनिक्षेपक". ते हसले. म्हणाले, हा तर तुमचा छंद झाला. छंद आहे हे खरे. पण तो आम्हाला एका चुकीतून लागला, आणि ती चूक सांगितल्यावाचून पुढचे काही सांगण्यात अर्थ नाही.

२००४ साली पिरंगुटच्या बाजूच्या एका कारखान्यात पगारवाढीचा करार झाला. पत्रा कापणाऱ्या आणि दाबणाऱ्या प्रेसवर काम करणारी माणसे ती. दुसरी पाळी सुरू होण्याच्या सुमारास फाटकाबाहेर सभा भरली. भाड्याने दोन कर्णे आणले होते. एक फाटकाजवळच्या खांबावर, दुसरा पलीकडच्या झाडावर. आम्ही करार वाचून दाखवला. दरमहा सातशे रुपये वाढ, मुदत तीन वर्षे. मग विचारले, "मंजूर आहे का?" सारे हात वर झाले. आम्ही समाधानाने घरी गेलो.

पगाराच्या दिवशी निरोप आला, ताबडतोब या. फाटकावर माणसे खवळली होती. "आठशे सांगितले होते, वरचे शंभर कुणी खाल्ले?" वीस वर्षे प्रेसवर काढलेला एक शांत स्वभावाचा गडी पुढे झाला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही आठशेच म्हणालात. पोरांची आण घेऊन सांगतो." करारावरचा आकडा दाखवला, तरी त्याचे समाधान होईना, कारण कागद आम्ही दाखवत होतो, आणि कान त्याचे स्वतःचे होते. तेवढ्यात दुसरा म्हणाला, "मला तर काहीच कळलं नव्हतं. सगळ्यांनी हात वर केला, मीबी केला."

पहिल्या बोलण्याने आम्हाला वाईट वाटले. दुसऱ्याने झोप उडाली. तीस वर्षांचा होण्याआधीपासून आम्ही संघटनेचे काम करत आलो. हात वर झाले की मान्यता मिळाली, असे समजून किती ठराव केले असतील! त्यांतले ऐकून वर झालेले हात किती, आणि शेजाऱ्याकडे बघून वर झालेले किती?

पुढे पुस्तके चाळली, माहीतगारांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. "सात" आणि "आठ" यांत कानाला मुख्य भेद कशाचा, तर आरंभीच्या "स"चा. पुरुषाच्या आवाजाचा जो गाभा आहे, त्याची कंपने सेकंदाला शंभर-सव्वाशेच्या आसपास असतात. परंतु "स"ची सळसळ चार-पाच हजारांच्या वर असते. बोलण्याचा जोर खालच्या कंपनांत असतो आणि अर्थ बराचसा वरच्या. आमच्या जुनाट कर्ण्यांत ती सळसळ जवळजवळ उरतच नव्हती. शिवाय कर्णे दोन. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दोन कर्ण्यांपासूनच्या अंतरात ३४ मीटरांचा फरक पडला, तर एकाचा शब्द दुसऱ्याच्या मागून सेकंदाच्या दहाव्या भागाने येतो आणि पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. आवाज मोठा, पण शब्द पुसलेला.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. सतत मोठ्या आवाजात काम केल्याने येणारे बहिरेपण पहिल्याने चार हजार कंपनांच्या आसपास सुरू होते. माणसाला वाटते, मला ऐकू तर येते; आणि येतेही. पण "स", "श", "फ", "थ" निसटू लागतात. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात या बहिरेपणाची नोंद व्यवसायजन्य रोगांत केलेली होती. तो कायदा आम्हाला पाठ होता. तो आमच्याच सभेला लागू आहे, हे मात्र कधी ध्यानात आले नव्हते.

आता ध्वनिक्षेपकाविषयी थोडेसे. आपण ज्याला स्पीकर म्हणतो तो मूळचा साधा पदार्थ आहे. एक लोहचुंबक, त्याच्या फटीत तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू. तारेतून बोलण्याच्या लयीत वीज जाते, वेटोळे मागेपुढे हलते, कागद हवेला ढकलतो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा अमेरिकनांनी १९२५ साली या रचनेला जे रूप दिले, ते मूळ तत्त्वाने आजही कायम आहे. पुढे लोकांना खर्जही हवा झाला आणि झांजेची किणकिणही. मग मोठा शंकू खालच्या स्वरांना आणि छोटा वरच्या स्वरांना अशी वाटणी झाली. फुल-रेंज म्हणतात तो स्पीकर ही वाटणी मानत नाही. एकच कागद सारे काही म्हणतो. त्यामुळे अगदी तळाचा खर्ज त्याला झेपत नाही आणि अगदी वरचे टोकही थोडे बोथट राहते. परंतु मधला प्रदेश, म्हणजे माणसाचे बोलणे आणि गाणे, एकाच मुखातून अखंड बाहेर पडते. आम्हाला तेवढेच हवे होते.

हे काही नवे नव्हे. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. १९५५ साली तेथून गीतरामायण दर आठवड्याला प्रसारित होऊ लागले आणि वर्षभर चालले. घरातल्या साध्या रेडिओच्या पेटीत त्या काळी बहुधा असा एकच कागदी शंकू असे. माडगूळकरांचा शब्द आणि फडक्यांचा स्वर लोकांनी त्या एका कागदातून ऐकला, आणि कुणाला शब्द कळला नाही अशी तक्रार आम्ही तरी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली नाही.

त्याच केंद्राने १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आणखी एक प्रयोग केला. त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या मराठी मुलखात सुमारे दीडशे गावांत रेडिओ श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास शेतीचा आणि गावसुधारणेचा कार्यक्रम लागे. गावकरी एकत्र बसून तो ऐकत. रेडिओ बंद झाला की खरे काम सुरू होई. ऐकलेल्यावर चर्चा, मतभेद, आणि उरलेले प्रश्न केंद्राकडे. यातले मर्म आम्ही असे समजतो की ध्वनिक्षेपक बोलून थांबला, आणि त्याच्यापुढे बसलेली माणसे बोलू लागली. आमच्या फाटकावरचा कर्णा बोलून थांबे, तेव्हा आम्ही हात मोजून घरी जात असू.

आम्ही कामाला लागलो. लहानपणी तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल तो उद्योग आम्हीही केला होता. मातीच्या माठाच्या तोंडावर स्पीकर पालथा घालायचा, की ढोलकी कशी घुमते! पण बातम्या लावा, निवेदक विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. माठातल्या हवेला स्वतःचा एक आवडता सूर असतो आणि प्रत्येक शब्दाला ती तोच सूर चिकटवते. तेव्हा माठ बाद. नुसता उघडा स्पीकर धरावा, तर त्याच्या पाठीमागची लाट पुढे वळून पुढच्या लाटेला मारते आणि आवाज चिरका होतो. म्हणून पाठ बंद करणारी पेटी हवी.

तपकीर गल्लीतून पाच इंची चार फुल-रेंज स्पीकर आणले. गावच्या सुताराने १८ मिलिमीटरच्या प्लायवूडची पुरुषाच्या छातीइतकी उंच, अरुंद पेटी करून दिली. चार भोके एकाखाली एक. आत सावरीचा कापूस सैलसर भरला, म्हणजे पेटीतला आवाज पेटीतच विरतो. एकावर एक स्पीकर लावल्याने आवाज आडवा पसरतो, आणि वर आभाळात व खाली जमिनीत वाया जातो तो कमी होतो. आठ ओहमचे दोन-दोन एकापुढे एक जोडले आणि त्या दोन जोड्या शेजारी-शेजारी जोडल्या, की एकूण पुन्हा आठ ओहमच होतात. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर तो भार सहज उचलतो.

पहिल्या दिवशी पेटी लावली, आणि कर्ण्यापेक्षाही वाईट वाजली! आवाज फिका, मागे तर पोहोचेना. दोन दिवस आम्ही कापूस काढला, घातला, पेटीला मेण लावले. शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराने दीड व्होल्टचा सेल मागितला आणि एकेका स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवला. तीन कागद बाहेर आले, चौथा आत गेला. त्याच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. तिघे ढकलत होते, एक ओढत होता. म्हणजे चौघे राबत असून पदरात काम दोघांचे. संघटनेत ही अवस्था आम्ही पुष्कळ वेळा पाहिली होती. पण तिथे सेल लावून बघता येत नाही.

तारा फिरवल्या आणि आम्ही परीक्षा घेतली. वीस शब्दांची यादी केली. सात, आठ, साठ, पास, पाच, हात, आत, असे. एकाने पुढून वाचायचे, शेवटच्या रांगेतल्यांनी ऐकले ते लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याने शेजाऱ्याच्या कानात सांगायचे. कर्ण्यावर निम्मे शब्दही धड येत नसत. पेटीवर बहुतेकांचे बहुतेक आले. दोन ठिकाणी कर्णे टांगण्याऐवजी बोलणाऱ्याच्या शेजारी एकच पेटी ठेवली, म्हणून शब्दावर शब्द चढणेही थांबले. उणीव राहिली ती अशी की या कागदाचे वरचे स्वर सरळ समोर जातात, बाजूला कमी. म्हणून लोकांनी पेटीच्या तोंडासमोर बसायचे, दोन्ही अंगांना पांगायचे नाही. दुसरी अडचण आपल्या पावसाची. ताम्हिणीकडचा पाऊस कागदाला ओल आणतो. चार महिने पेटी चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवावी लागते.

आणि तो शांत स्वभावाचा गडी? त्याने त्या परीक्षेतही "सात"ला "आठ"च सांगितले. त्या दिवशी आमच्या कारागिरीचा ताठा उतरला. यंत्राने शब्द शुद्ध बाहेर काढला तरी घेणाऱ्या कानात जागा उरलेली नसेल, तर यंत्र काय करणार? तेव्हापासून आम्ही आकडा नुसता उच्चारत नाही. फळ्यावर लिहितो आणि तोंडाने फोडून सांगतो, "सातशे, म्हणजे आठशेला शंभर कमी." मतदानापूर्वी शेवटच्या रांगेतल्या कुणालाही उभे करून विचारतो, "काय ठरले ते सांगा." त्याला सांगता आले नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. सभा लांबते, थट्टाही होते. पण शंभर रुपये कुणी खाल्ले, हा प्रश्न पुन्हा ऐकावा लागलेला नाही. पुढच्या मागणीपत्रात कानांची वार्षिक तपासणी हे कलम आम्ही पगाराच्या कलमाच्या शेजारी घातले. ते मिळायला दोन करार जावे लागले.

तो गडी आता निवृत्त झाला आहे. एक छोटी पेटी आम्ही घरी ठेवली आहे, एकच स्पीकर असलेली. रविवारी तो येतो आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बसतो. गीतरामायण लावायला सांगतो. एकदा म्हणाला, "भाऊ, घरात पोरं काय बोलतात ते आता कळत नाही. फडक्यांचं मात्र अजून समजतं." पाठ असल्यामुळे समजत असेल, असे आमच्या मनात आले. आम्ही बोललो नाही.

आज वरातीत आणि मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. नियम मोडतो तो मोडतोच. पण आम्हाला खरी चिंता निराळी वाटते. प्रेसने वीस वर्षांत जे कानांचे केले, ते तिथे नाचणारी आमचीच पोरे हौसेने करून घेत आहेत. उद्या त्यांना सात आणि आठ कोण समजावून सांगणार?

मंडळी, हा मुळशी तालुका आहे. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांना सत्याग्रह करावा लागला, तो धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी. आणि आपले म्हणणे कुणीतरी ऐकावे यासाठीही. ज्यांचे ऐकले गेले नाही त्यांची आपण नातवंडे-पतवंडे. आपल्या सभेत, ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत मागच्या रांगेतल्या माणसाला शब्द पोहोचला की नाही हे आपण पाहिले नाही, तर दुसऱ्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आजच्या व्याख्यानासाठी ती उंच पेटी आम्ही मुद्दाम आणली. तुम्ही आत्तापर्यंत जे ऐकलेत ते तिच्यातूनच. तेव्हा टाळ्या वाजवण्यापूर्वी एक विनंती. शेवटच्या रांगेतल्या कुणीतरी उठून सांगावे, त्या कराराचा आकडा काय होता?