वाघाचे नाव आणि गावाचा वाटा

(लोहा येथे केलेल्या भाषणाचा सारांश)

माळेगावच्या यात्रेला माणसे खंडोबाच्या नावाने येतात. ते नाव कोणा एका दुकानदाराचे नसते. ताडोबाचेही तसेच आहे. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या वनाला नाव मिळाले ते गोंडांच्या तारू देवाचे. पण जाहिरातीला पैसा ज्याच्यापाशी, त्याचीच पाटी प्रवाशाला आधी दिसते.

आपल्या जिल्ह्यात किनवटकडे पैनगंगा अभयारण्य आहे, सहस्रकुंडाचा धबधबा आहे. तेथेही हेच घडू द्यायचे काय? दोन खोल्या देऊ शकणाऱ्या घरांनी सहकारी तत्त्वावर एकच माहितीपत्रक काढावे. वन किती अंतरावर, केव्हा बंद, वाटाड्या कोण, जेवण कोणते, हे त्यात खरेखरे सांगावे. वाघ दिसेलच असे वचन मात्र देऊ नये. त्या वचनापायी वाहने वाघामागे धावतात आणि ज्या वनावर धंदा उभा, त्याचीच शांतता मोडते.

2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला वनरक्षणाचा अधिकार दिला आहे. रक्षण गावाने करायचे, तर वनाच्या नावाचे मोलही गावाच्या पदरात पडले पाहिजे.