जुना बॅकअप, नवा संगणक

वाशीम, कारंजा, रिसोडच्या आडतीत सोयाबीनची आवक वाढली की हिशेबाच्या संगणकाला उसंत नसते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून नवा संगणक घेत असाल तर थोडं थांबा. हिशेबाच्या प्रोग्रामचा 'कायमचा' परवाना वापराची परवानगी देतो. पुढच्या विंडोजवर प्रोग्राम चालेलच, अशी हमी देत नाही. वार्षिक परवान्याची तर तारीखच लिहून ठेवावी. जुन्या बॅकअपचंही तसंच. विंडोज एक्सपीमधल्या एनटीबॅकअप या बॅकअप प्रोग्रामची बीकेएफ फाइल आजचं विंडोज आपणहून उघडत नाही. डॉसच्या जमान्यातले १६ बिटचे प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर सुरूच होत नाहीत. बॅकअप आहे, पण उघडत नाही. मग तो काय कामाचा? जुना संगणक भंगारात देण्याआधी बॅकअपमधलं एखादं खातं नव्यावर उघडून बघा.