कोवळ्या वेलीचा पहिला उन्हाळा
विक्रोळी स्टेशनबाहेर हातगाडीवर दिसणारी द्राक्षं बहुधा नाशिक, सांगली, नाहीतर सोलापूरकडची. तिथे पाण्याचा ताण सोसणारा डॉगरिज नावाचा खुंट, म्हणजे मुळांसाठीचं रोप, साधारण फेब्रुवारीत लावतात आणि पावसाळा सरता सरता त्यावर हव्या त्या द्राक्षाचं कलम करतात. म्हणजे रोपाची पहिली परीक्षा थेट भर उन्हात! मुळं तेव्हा फारशी पसरलेली नसतात. म्हणून ठिबकचा ड्रिपर खोडाजवळ हवा, पाणी थोडं पण वारंवार. वेल वाढली की ड्रिपर जरा बाहेर सरकवायचा. बुंध्याशी उसाचं पाचट अंथरलं की बाष्पीभवन घटतं. पाट भरून पाणी सोडायची हौस मात्र नको. भारी काळ्या रानात मुळं गुदमरतात. तुमच्या गॅलरीतल्या कुंडीतही आधी मातीत बोट खुपसून ओल पाहा, मगच तांब्या उचला.