गल्लीतला दवाखाना आणि इस्पितळातली गर्दी



मोठ्या इस्पितळाच्या अपघात-विभागात पाच-सहा तास ताटकळलेला मनुष्य चिडून म्हणतो, ‘सर्दी-पडशाची ही माणसे येथे कशाला? यांना गल्लीतला दवाखाना पुरे होता!’ तक्रार रास्त वाटते. पण ती कितपत खरी, हे आज पाहावयाचे आहे.

इंग्लंडने हा प्रयोग करून पाहिला. आधी वेळ न ठरवता कोणीही आत शिरावे, असे सरकारी दवाखाने तेथे २००० साली निघाले. बहुतेक काम अनुभवी परिचारिका पाहत. दार रात्री उशिरापर्यंत आणि शनिवार-रविवारीही उघडे असे. २०१० पर्यंत त्यांची संख्या दोनशेंवर गेली. लोक खूष होते. पण इस्पितळातली गर्दी म्हणावी तशी हटली नाही. एरवी जे घरीच बरे झाले असते, तेही येऊ लागले. एकाच रोग्यासाठी दोनदा पैसे मोजावे लागतात, अशी हाकाटी झाली आणि पुढील तीन-चार वर्षांत पन्नासांहून अधिक दवाखान्यांना कुलपे लागली.

असे का व्हावे? किरकोळ दुखण्याचा रोगी तपासून दहा मिनिटांत वाटेला लागतो. त्याच्यामुळे इतरांचा खोळंबा अगदी थोडा होतो, असे कॅनडातील २००७ सालच्या एका पाहणीतही दिसले. खरा अडतो तो दाखल करावयाचा रोगी. कारण वरच्या मजल्यावर खाट नाही. आणि खाट का नाही? तीवरचे आजोबा बरे झाले, तरी घरी त्यांना सांभाळणारे कोणी नाही! मोरी तुंबली असता नळ बारीक करून कितीसे भागणार?

मग हे दवाखाने व्यर्थ काय? मुळीच नाही. मुंबईत २०२२ साली ‘आपला दवाखाना’ सुरू झाला. असा दवाखाना संध्याकाळी उघडा असला, तर मजुराचा रोज बुडत नाही. रक्तदाबाची गोळी घराजवळ नियमाने मिळाली, तर उद्याचा पक्षाघात कदाचित टळेल. आणि टळलेला पक्षाघात म्हणजेच वाचलेली खाट. पण हे फळ वर्षांनी येते, आठवड्यात नव्हे.

म्हणून दवाखान्याचे उद्घाटन झाले की टाळ्या अवश्य वाजवाव्या. पण त्याच सभेत उभे राहून विचारावे, ‘खाटा किती वाढवल्या? आणि घरी गेलेल्या आजोबांकडे कोण पाहणार?’ ढकलगाडीवर पडलेल्या रोग्याचा जीव या दोन उत्तरांवर अवलंबून आहे.